वाढदिवस मुलाचा, हौस कोणाची?

पाटाभोवती रांगोळी, ताटात निरांजन, औक्षण आणि वाटीभर खीर एवढ्यावर मुलांचा वाढदिवस साजरा होण्याचा काळ आता मागे पडला आहे. ‘यंदा थीम कोणती?’ हा प्रश्न पुण्यात, तसाच इंदूर-बडोद्यातील मराठी घरांतही महिनाभर आधीपासून चर्चिला जातो. छोटा भीम, स्पायडरमॅन किंवा एखादी परीकथेतील राजकन्या निश्चित झाली की केक, टोप्या, पडदे आणि परतभेटी सारे त्याच साच्यातून येते.

एका कल्पनेभोवती सोहळा गुंफण्यात गैर काहीच नाही. गणपतीच्या आराशीत आपण दरवर्षी हेच करतो. आक्षेप आहे तो निवडीच्या क्रमाला. आधी शेजारचा सोहळा पाहिला जातो, मग थीम ठरते आणि खर्चाचा हिशेब शेवटी होतो. ज्याचा वाढदिवस, त्याला विचारायचे मात्र राहूनच जाते.

हा क्रम उलटा असावा. प्रथम खर्चाची मर्यादा, मग मुलाची आवड आणि शेवटी सजावट. आगगाडीचे वेड असलेल्या मुलाचेच उदाहरण घ्यावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे प्रवासी आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने! थीमसाठी एवढी सामग्री पुरेशी आहे. रिकाम्या खोक्यांचे डबे, पुठ्ठ्याचे तिकीट हेच निमंत्रण, दारावर ‘बोरीबंदर’ ही पाटी. कोणी गार्ड, कोणी तिकीट तपासनीस आणि खाण्यास गरमागरम बटाटेवडे. तयारीत मूल स्वतः रमते आणि तो आनंद आठवडाभर आधीच सुरू होतो.

आई-वडील दोघेही नोकरी करीत असतील, तर हे काम व्यावसायिकांकडे सोपविण्यात कमीपणा नाही. मात्र त्यासाठी ऋण काढणे शहाणपणाचे नव्हे. क्रेडिट कार्डावरील ४०,००० रुपये थकले, तर दरमहा ३ टक्के दराने पहिल्याच महिन्याचे व्याज १,२०० रुपये होते. फुगे एका रात्रीत विरतात, हप्ते मात्र मागे उरतात.

आणखी एक विचार आवश्यक आहे. निमंत्रितांत एखादे मूल असे असते, की ज्याच्या घरी असा सोहळा शक्य नसतो. महागड्या परतभेटीने त्याच्या पालकांवर नकळत दडपण येते. हाताने रंगविलेले तिकीट ते दडपण आणीत नाही.

दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बँकेच्या नियमांनुसार आपले बचत खाते स्वतः हाताळता येते. तत्पूर्वी ‘आपल्याजवळ एवढे पैसे आहेत, त्यात काय काय करता येईल?’ हा प्रश्न वाढदिवसाच्या निमित्ताने मुलासमोर अवश्य ठेवावा. हिशेबाचा हा पहिला धडा त्याला घरातच आणि आनंदात मिळेल.