व्हॅनची कुरकुर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या जुन्या ओम्नीने कुरकुर आरंभिली. ही गाडी १९८४ साली प्रथम रस्त्यावर आली आणि २०१९ साली तिची निर्मिती थांबली. तथापि पेडणे-डिचोलीकडे कित्येक घरांत ती अद्याप राबत आहे. इंजिन बैठकीखालीच असल्याने आवाज ऐकलाच नाही असे म्हणण्याची सोय नाही!

डिचोलीच्या एका मेस्त्रीने कान देताच निकाल दिला, "आल्टरनेटर गेला, नवा घाला." आम्ही पैसे मोजले. आवाज तसाच राहिला. पुढील आठवड्यात मातोश्रींना म्हापशाच्या इस्पितळात नेत असता कोलवाळच्या पुलाअलीकडे पट्टा तुटला, बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा वर चढू लागला. मातोश्रींना रिक्षाने पुढे धाडावे लागले. दोष निघाला पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगात!

चूक मेस्त्रीची खरी, परंतु तपासणीचा आग्रह आम्हीही धरला नव्हता. या गाडीत एकच पट्टा आल्टरनेटर व पंप या दोहोंस फिरवितो. म्हणून इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, ते निवल्यावर पट्टा उतरवावा आणि दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. जे खरखरेल वा डुगडुगेल, तेच आजारी. मग पट्ट्यावाचून इंजिन अर्धा मिनिट चालवावे. आवाज राहिला तर दोष अन्यत्र. याहून अधिक चालवू नये, कारण पंप थांबलेला असतो.

ओल्या सकाळी किंचाळून मागाहून गप्प होणारा आवाज बहुधा सैल पट्ट्याचा. वेगासरशी चढणारी बारीक शीळ रेडिओतही ऐकू येत असेल तर डायोडवर संशय घ्यावा. मीटर लावल्यास बंद गाडीची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू गाडीत साडेतेरा ते साडेचौदा दाखवावी. चालत्या इंजिनात बॅटरीची तार काढून पाहण्याची डायनामोच्या काळातील खोड मात्र सोडावी. तिने डायोड जळतात. केवळ बेअरिंग खराब असेल, तर ते बदलून बहुधा काम भागते.

आमचा काढलेला आल्टरनेटर घरी पडवीत ठेवला आहे. हाताने फिरविला असता तो अगदी निमूटपणे फिरतो.