एका घराला दोन चाव्या

आमच्या घरच्या संगणकावर उबुंटू लिनक्स आहे. थोरल्याने ते बसवले आणि तो नोकरीसाठी कतारला गेला. मागच्या महिन्यात धाकटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज छापायचा होता, शेवटचा दिवस. नव्या प्रिंटरचे सॉफ्टवेअर टाकताना संगणकाने पासवर्ड मागितला. तो फक्त थोरल्याला ठाऊक, आणि तो ड्युटीवर. अखेर झेरॉक्सच्या दुकानात धावलो.

रात्री त्याने पासवर्ड सांगितला. आम्ही तो चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवला. ही दुसरी चूक. चारच दिवसांत मधल्याने खेळासाठी जागा करताना मुलांच्या अम्मीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर काढून टाकले.

थोरल्याने मग नीट समजावले. लिनक्समध्ये सर्वाधिकार ‘रूट’ या खात्याकडे असतात. उबुंटूत हे खाते सुरुवातीपासून कुलूपबंद असते. बसवताना तयार होणारे पहिले खाते मात्र ‘सुडो’ गटात असते. अशा खात्याचा माणूस स्वतःचाच पासवर्ड देऊन त्या कामापुरते रूटचे अधिकार वापरतो. टर्मिनलमध्ये हा पासवर्ड टाइप करताना अक्षरे दिसत नाहीत. कीबोर्ड बिघडला असे समजू नये.

आता आम्ही घडी अशी बसवली आहे. सेटिंग्जमधील ‘युजर्स’ या पानावर प्रत्येकाचे वेगळे खाते उघडले. थोरला आणि मुलांची अम्मी, दोघेच ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. मुले आणि आम्हीसुद्धा साधे वापरकर्ते! ज्याचा त्याचा पासवर्ड वेगळा, आणि पासवर्डशिवाय आपोआप खाते उघडण्याची सोय बंद. अम्मीचा पासवर्ड लिहिलेले बंद पाकीट कपाटात घराच्या कागदांसोबत ठेवले आहे.

पासवर्ड विसरलाच तर? संगणक सुरू होतानाच्या मेनूतील ‘रिकव्हरी मोड’मधून सहसा नवा ठेवता येतो. पण मग संगणकाशी बसलेला परकाही तेच करू शकतो. म्हणून महत्त्वाचे दस्तऐवज असतील तर उबुंटू बसवतानाच डिस्क एन्क्रिप्ट करावी. तिचा पासवर्ड हरवला तर मात्र आतले काही हाती लागत नाही. त्याची प्रत जपावी आणि दस्तऐवजांची नक्कल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी.

चावी एकाच खिशात नको, उंबऱ्यावरही नको. आज रात्री जेवणानंतर घरात एवढेच विचारा: आपल्या संगणकाची चावी कोणाकडे आहे?