दोन अ‍ॅपमधली फट

मोबाइलवर गेम खेळता खेळता एक अनोळखी ‘दादा’ भेटतो. तू भारी खेळतोस म्हणतो, गेममधली नाणी भेट देतो आणि चार दिवसांनी सांगतो, ‘इथे नको, त्या दुसऱ्या अ‍ॅपवर ये.’ मूल जाते. तिथे फोटो मागितला जातो आणि मग त्याच फोटोवरून धमक्या सुरू होतात. गेमवाल्या कंपनीला फक्त नाणी दिसतात, दुसरीला फक्त फोटो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे दोघींपैकी कुणालाच कळत नाही.

ही फट बुजवता येते. 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने प्राध्यापक हॅनी फरीद यांच्यासह मुलांवरील लैंगिक अत्याचाराची चित्रे ओळखणारे ‘फोटोडीएनए’ तयार केले. चित्र आधी कृष्णधवल करायचे, ठरावीक आकारात आणायचे, त्यावर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत उजेड-अंधार कसा बदलतो त्याचे आकडे मांडायचे. कुणी चित्राचा रंग बदलला, आकार बदलला, तरी आकडे चुगली करतात. मायक्रोसॉफ्टने हे तंत्र इतरांनाही वापरू दिले. असे चित्र जितक्या वेळा हात बदलते, तितक्या वेळा त्या मुलावर नव्याने अत्याचार होतो. म्हणून या उदारपणाचे मोल फार मोठे आहे.

पण आकड्यांना आधी सापडलेले चित्रच ओळखता येते, ‘दादा’ची गोड भाषा नाही. त्यासाठी नोव्हेंबर 2023 मध्ये ‘टेक कोअ‍ॅलिशन’ या कंपन्यांच्या संघटनेने ‘लँटर्न’ जाहीर केले. एका कंपनीला संशयिताचा ईमेल, टोपणनाव किंवा सावज हेरण्याचे सांकेतिक शब्द सापडले, की ते इतरांना कळवायचे. चाचणीच्या काळात ‘मेगा’ या फाइल साठवण्याच्या सेवेने दिलेल्या माहितीवरून मेटाने फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरची 10,000 हून अधिक खाती व पाने काढून टाकली. एका कंपनीने तोंड उघडले, तर एवढे झाले!

खासगीपणाची काळजी खोटी नाही. निरपराधाचे खाते बंद पडू नये म्हणून माणसाने तपासणी करावी, दाद मागायची सोय असावी. पण जाहिरातींसाठी आपला माग या अ‍ॅपवरून त्या अ‍ॅपवर काढला जातो, तेव्हा हा संकोच कुठे असतो?

सप्टेंबर 2024 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या सामग्रीची खबर अमेरिकेतील बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या केंद्राला देऊन कंपन्यांची सुटका होणार नाही; ‘पोक्सो’ या बालसंरक्षण कायद्यानुसार इथल्या पोलिसांनाही कळवावे लागेल. केंद्र सरकारने आता पुढचे पाऊल टाकावे. भारतात धंदा करणाऱ्या प्रत्येक मोठ्या गेम, चॅट आणि व्हिडिओ कंपनीला अशी माहिती एकमेकींना देणे बंधनकारक करावे. ‘लँटर्न’मध्ये यायचे की नाही, हे आज कंपनीच्या मर्जीवर आहे.