घरपोच भाजी आणि पाटीवालीचा हक्क

मोबाईलवर बटण दाबले की आज शहरात ताजी भाजी दारात येते. या सोयीला आमचा विरोध नाही. परंतु आमच्या मुरुममध्ये डोक्यावर पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरणारी माउली ही सेवा कधीपासून देत आली आहे! तिच्या हक्काचे काय? पथविक्रेता अधिनियम, २०१४ फिरत्या विक्रेत्यांनाही लागू आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हुसकावता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे, त्यांत एकतृतीयांश महिला; अनुसूचित जातींनाही प्रतिनिधित्व. तेव्हा बंधू-भगिनींनो, भाजी कोठूनही घ्या, पण पाटीवालीशी घासाघीस करण्याआधी विचारा, "प्रमाणपत्र मिळाले का?" नसेल, तर तिच्यासोबत नगरपरिषदेत चला. अर्ज आम्ही लिहून देऊ.