प्रोसेसरवर पाळी कोणाची, हे ठरवणार कोण?

जुलै २०२१ मध्ये ‘आनंदटेक’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने वनप्लस ९ प्रो या फोनची कसून तपासणी केली, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. या फोनच्या स्नॅपड्रॅगन ८८८ चिपमध्ये आठ कोअर आहेत. त्यांतला एक सर्वांत वेगवान, तीन त्याच्या खालोखाल आणि उरलेले चार संथ, पण कमी विजेवर चालणारे. क्रोमसारखे रोजच्या वापरातले अ‍ॅप उघडले, की त्याच्या वाट्याला तो वेगवान कोअर येतच नसे. फोनचा वेग मोजणारी चाचणी-अ‍ॅप मात्र त्याच कोअरवर बिनदिक्कत धावत. ज्या कोअरच्या जिवावर फोन मिरवायचा, तो नेहमीच्या ब्राउझरला वर्ज्य होता आणि ग्राहकाला याची गंधवार्ताही नव्हती. गीकबेंच ही चाचणी चालवणाऱ्यांनी हे फोन आपल्या क्रमवारीतून काढून टाकले. त्यावर कंपनीने खुलासा केला, की बॅटरी जास्त टिकावी आणि फोन तापू नये म्हणून सुमारे ३०० लोकप्रिय अ‍ॅपना गरजेपुरतीच ताकद दिली जाते. पुढच्याच वर्षी सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२२ मालिकेवरून असाच बोभाटा झाला आणि अपडेट देऊन लगाम सैल करण्याची सोय कंपनीला ग्राहकाच्या हाती द्यावी लागली.

या दोन्ही प्रकरणांत चर्चा झाली ती वेगाची. ती मला गौण वाटते. ब्राउझरला दर वेळी सर्वांत दांडगा कोअर लागत नाही, हे कंपनीचे म्हणणे बहुतेक वेळा खरेच असेल. पण एका यंत्रात कोणाचे काम आधी, कोणाचे नंतर आणि कोणाचे कुठल्या कोअरवर, हा निर्णय निव्वळ तांत्रिक नसतो. त्यात कोणाचे तरी हित पाहिलेले असते आणि कोणाची तरी गैरसोय पत्करलेली असते. असा निर्णय यंत्राच्या मालकाला दिसला पाहिजे आणि वाटल्यास बदलता आला पाहिजे.

हा निर्णय घेतो तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुठलेही अ‍ॅप आपले काम थ्रेडमध्ये वाटून घेते. एक थ्रेड पडद्यावरचे चित्र काढतो, दुसरा इंटरनेटवरून मजकूर आणतो, तिसरा गाणे वाजवतो. फोनमध्ये असे थ्रेड शेकड्यांनी असतात आणि कोअर असतात आठ. बरेचसे थ्रेड बोटाच्या स्पर्शाची, नाहीतर येणाऱ्या संदेशाची वाट पाहत झोपलेले असतात. जे जागे होतात ते कोअरसमोर रांग लावतात. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नलच आहे आणि त्यात प्रत्येक कोअरची रांग स्वतंत्र असते. सगळ्यांसाठी एकच रांग ठेवली, तर त्या रांगेच्या कुलपापाशीच कोअर ताटकळतात. पण रांगा वेगळ्या केल्या की एक तुंबते आणि दुसरी ओस पडते. मग कर्नलला अधूनमधून एका रांगेतला थ्रेड उचलून दुसरीत टाकावा लागतो. तेही फुकट होत नाही. लागणारा डेटा थ्रेडने जुन्या कोअरच्या कॅशेत, म्हणजे त्याच्या हाताशी असलेल्या छोट्या वेगवान मेमरीत, जमवलेला असतो, नव्या कोअरवर तो मेमरीतून पुन्हा आणावा लागतो. हलवावे की थांबू द्यावे, हा हिशेब डोळ्याचे पाते लवायच्या आत आणि अपुऱ्या माहितीवर करायचा असतो.

ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२३ पासून इंगो मोल्नार यांनी लिहिलेला ‘कम्प्लीटली फेअर शेड्युलर’ हे काम पाहू लागला. त्याचे तत्त्व सोज्वळ होते. प्रत्येक थ्रेडने आतापर्यंत किती वेळ प्रोसेसर वापरला याची नोंद ठेवायची आणि ज्याच्या पदरात सर्वांत कमी वेळ पडला असेल, त्याला पुढची पाळी द्यायची. पण हा न्याय थ्रेडला होता, कामाला किंवा माणसाला नव्हे. चौसष्ट थ्रेड लावून एखादा मोठा प्रोग्राम कंपाइल करायला टाकला आणि त्याच यंत्रावर एका थ्रेडचा व्हिडिओ सुरू असला, तर पासष्ट वाट्यांतले चौसष्ट कंपाइलरचे. एकाच घरात चुली वेगळ्या दाखवून चार रेशनकार्डे काढावीत आणि दुकानदाराने प्रत्येक कार्डावर चोख माप घालावे, तसा हा प्रकार: मापात खोट नाही, पण धान्य कुठे गेले ते पाहा. यावर मार्च २०११ च्या २.६.३८ या आवृत्तीत माइक गॅलब्रेथ यांचा उपाय आला. एका सत्रातून सुरू झालेले सगळे थ्रेड एक गट धरायचे आणि वाटा गटाला द्यायचा. व्हिडिओ पाहणाऱ्याची सुटका झाली.

पण त्या उपायाच्या पोटातून दुसरेच दुखणे निघाले. २०१६ मध्ये युरोप आणि कॅनडातल्या संशोधकांनी युरोसिस परिषदेत एक निबंध सादर केला. ६४ कोअरच्या यंत्रावर त्यांनी दाखवून दिले, की रांगेत थ्रेड खोळंबलेले असतानाही काही कोअर रिकामे बसून राहतात आणि हे वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेला आलेले नाही. त्यांना सापडलेल्या चार दोषांपैकी एक थेट या गटवाटणीशी निगडित होता. गटाचा वाटा थ्रेडमध्ये विभागल्यावर चौसष्ट थ्रेडच्या गटातला प्रत्येक थ्रेड कागदोपत्री हलका दिसू लागला आणि एकट्या थ्रेडचा गट भारी. भारवाटणी करताना कोअरच्या समूहांची तुलना सरासरीवर होत असे. त्यामुळे ज्या समूहात एक भारी थ्रेड आणि त्याच्या शेजारी मोकळे कोअर होते, तो समूह ‘भरलेला’ ठरला आणि दुसऱ्या समूहातले खोळंबलेले थ्रेड तिकडे गेलेच नाहीत. सरासरीऐवजी सर्वांत कमी भाराच्या कोअरकडे पाहायला लावल्यावर कंपाइल करण्याचा वेळ १३ टक्क्यांनी घटला, आणि दुसऱ्या कामाला धक्काही लागला नाही. आणखी एक दोष कोडची फेररचना करताना एका फंक्शनला बोलावायचे राहून गेल्याने शिरला होता. एखादा कोअर बंद करून पुन्हा चालू केला, की समूहासमूहांतली भारवाटणीच थांबे. या दोषापायी संशोधकांनी चालवलेल्या गणिती चाचण्यांपैकी एक प्रोग्राम १३८ पट संथ चालत होता. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००१ मध्ये शेड्युलिंग हे सोपे काम असल्याचे म्हटले होते, याची आठवण संशोधकांनी त्याच निबंधात करून दिली आहे. तेवढा खोडसाळपणा त्यांना माफ.

या सगळ्या काळात ना यंत्र बंद पडले, ना कुठे चुकीचा संदेश झळकला. काम फक्त उशिरा होत होते. शेड्युलरच्या चुका अशाच असतात आणि म्हणूनच तज्ज्ञांच्या नजरेखाली त्या वर्षानुवर्षे राहू शकल्या. ‘हे तज्ज्ञांवर सोपवा, सामान्य माणसाला त्यात काय कळते’ असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला विचारात घ्यावा. तज्ज्ञांच्या बुद्धीबद्दल शंका नाही, पण जे कोणाला दिसत नाही ते तज्ज्ञालाही दिसत नाही.

त्यातच कोअर आता सारखे राहिलेले नाहीत. चिपची रचना करणाऱ्या आर्म कंपनीने २०११ मध्ये मोठे आणि छोटे कोअर एकत्र नांदवणारी रचना जाहीर केली. २०२० मध्ये अ‍ॅपलच्या एम१ने आणि २०२१ मध्ये इंटेलच्या बाराव्या पिढीने ती सर्वसामान्य संगणकांत आणली. छोट्या कोअरवरच्या मिलिसेकंदात जेवढे काम होते, त्यापेक्षा मोठ्यावरच्या मिलिसेकंदात कितीतरी अधिक होते. मग समान वेळ देणे म्हणजे समान काम देणे नव्हे. २०१९ च्या ५.० आवृत्तीपासून लिनक्स, थ्रेड कुठल्या कोअरवर ठेवला तर किती वीज लागेल, याचाही अंदाज बांधू लागला. शिवाय ‘किती’ इतकाच ‘केव्हा’ हाही प्रश्न आहे. सेकंदाला १२० वेळा पडदा ताजा करणाऱ्या फोनला एका चित्रासाठी जेमतेम आठ मिलिसेकंद मिळतात. चित्र काढणाऱ्या थ्रेडला दोनच मिलिसेकंद हवे असतात, पण ते या आठांतच मिळाले पाहिजेत. नंतर वीस दिले तरी सरकवताना पडदा अडखळलेला असतो. ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ आवृत्तीत पीटर झिल्स्ट्रा यांनी जुना शेड्युलर बदलून आयॉन स्टॉइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांच्या १९९५ सालच्या पद्धतीवर बेतलेला नवा आणला. जो थ्रेड छोटा घास मागतो त्याची मुदत लवकरची धरली जाते. एकूण वाटा तोच राहतो, पाळी लवकर येते. वेळ, काम, वीज आणि मुदत यांतल्या कुठल्या मापाने वाटायचे, हे मात्र गणित सांगत नाही. तिथे कोणाला तरी पसंती ठरवावीच लागते.

ही पसंती दुसऱ्या कोणाला ठरवू द्यावी का, यावर लिनक्सच्या घरातही बरीच वर्षे वाद होता. ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ कॉन कोलिव्हास हौसेने कर्नलवर काम करत. मोठ्या सर्व्हरच्या हिशेबाने घडत चाललेला शेड्युलर घरच्या संगणकाला जाचतो, ही त्यांची तक्रार होती आणि शेड्युलर अदलाबदल करता यावेत अशी सोय त्यांना हवी होती. टोर्वाल्ड्स आणि मोल्नार यांना ती कल्पना मान्य नव्हती. न्याय्य वाटणीची दिशा कोलिव्हास यांच्या कामातून दिसली, पण कर्नलमध्ये गेला तो मोल्नार यांचा शेड्युलर, आणि २००७ मध्ये कोलिव्हास कर्नलच्या कामातून बाहेर पडले. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत मात्र मेटाच्या अभियंत्यांच्या पुढाकाराने ‘शेड-एक्स्ट’ ही सोय दाखल झाली. तिच्यामुळे चालू यंत्रात बाहेरून लिहिलेला शेड्युलर बसवता येतो. झिल्स्ट्रा यांचा याला कडवा विरोध होता. प्रत्येक कंपनी आपापला शेड्युलर आपल्यापुरता वापरेल आणि सुधारणा मूळ कर्नलकडे परत येणार नाहीत, ही त्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. पण फोन कंपन्या आपापल्या कर्नलमध्ये असे बदल गुपचूप करतच आल्या आहेत. दार उघडल्याने निदान ते दारातून येतील. बिघडलेल्या शेड्युलरने एखाद्या थ्रेडला फार काळ उपाशी ठेवले, तर कर्नल त्याला हाकलून मूळ शेड्युलरवर परततो, ही खबरदारीही त्यात आहे.

माझ्या मागणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. निवड खुली केली, की प्रत्येक अ‍ॅप स्वतःला तातडीचे म्हणवून घेईल, आणि सगळेच तातडीचे झाले की तातडीला अर्थ उरणार नाही. हे अगदी खरे आहे. म्हणून तर लिनक्समध्ये साधा वापरकर्ता स्वतःच्या प्रोग्रामचा अग्रक्रम हवा तेवढा खाली आणू शकतो, पण वर नेण्यासाठी विशेष अधिकार लागतो. गंमत अशी, की अँड्रॉइडवर कर्नलच्या लेखी ‘वापरकर्ता’ म्हणजे फोन हातात धरणारा माणूस नसतोच. तिथे प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक मिळतो, विशेष अधिकार सिस्टिमकडे, पर्यायाने फोन बनवणाऱ्याकडे राहतात, आणि ज्याने पैसे मोजले त्याला या दरबारात आसनच नाही. मी निवड मागतो ती अ‍ॅपसाठी नव्हे, या माणसासाठी. अ‍ॅपला खोटे बोलण्यात फायदा आहे. मालकाला स्वतःशी खोटे बोलून बॅटरी लवकर संपवण्यात काय फायदा?

बॅटरीच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपवर बंधन घालण्याची सोय आधीच आहे, असेही कोणी म्हणेल. ती आहे, पण ती अ‍ॅप पडद्याआड गेल्यावर त्याने किती काम करावे याबद्दल आहे. क्रोम डोळ्यांसमोर उघडे असताना ते कुठल्या कोअरवर चालले, याचा तिच्याशी संबंध नाही आणि वनप्लसच्या ग्राहकाला तिच्यातून काहीही कळले नसते. पर्याय दिले की लोक फोन बिघडवतील, या भीतीचेही तसेच. विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरचे झुकते माप समोरच्या प्रोग्रामला द्यायचे की पडद्यामागच्या सेवांना, हे विचारणारी दोन बटणे कितीतरी वर्षांपासून आहेत. बहुतेकांनी ती कधी पाहिलीही नसतील, पण ज्याला गरज पडते त्याला ती सापडतात.

फोनमध्येही याहून फार काही नको. अ‍ॅपनिहाय ‘वेग’ की ‘बचत’ एवढी निवड, कंपनीने आधीच कुठली यादी लावली असेल तर ती उघडपणे, आणि काय घडले याचा हिशेब. यांतला हिशेब तर तयारच आहे. लिनक्स कर्नल प्रत्येक थ्रेडमागे तीन आकडे ठेवू शकतो: तो प्रत्यक्ष किती वेळ चालला, रांगेत किती वेळ खोळंबला आणि त्याला किती पाळ्या मिळाल्या. कोणत्या अ‍ॅपने किती टक्के बॅटरी खाल्ली, हे आज फोन दाखवतोच. त्याच्या शेजारी ते रांगेत किती वेळ उभे होते हा आकडा मांडायला शेड्युलरचे गणित बदलावे लागत नाही.