रेझिनची परीक्षा गच्चीवर

कसारा घाट चढून इगतपुरीकडे निघालं की पुढच्या डंपरमधून एखादा खडा उडतो, टक्कन आवाज होतो आणि काचेवर मसुराएवढा पांढरा डाग उमटतो. नाशिकच्या गाडीवाल्याला याहून जास्त सांगायची गरज नाही. सिंहस्थाच्या कामांमुळे शहराच्या चारी वाटांवर खडी-मुरमाच्या गाड्या धावताहेत आणि त्यातल्या कित्येकांवर ताडपत्रीचा पत्ता नाही. समृद्धी महामार्गावर तर ताशी १२० किलोमीटरची अधिकृत मुभा आहे. वेग दुप्पट झाला की खड्याच्या माराची ताकद चौपट होते. पुढच्या काचेला चिप पडणं आता टायर झिजण्याइतकंच ठरलेलं झालंय.

मग गाठ पडते काचवाल्याशी. "बसा भाऊ पंधरा मिनिटं, भरून देतो. शोधून सापडणार नाही." आणि खरंच सापडत नाही. निदान त्या दिवशी तरी. माझं भांडण आहे ते या 'त्या दिवशी'शी.

चिप डोळ्यांना दिसते ती तिच्यात शिरलेल्या हवेमुळे. काचेचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास, हवेचा १. एवढा फरक असला की प्रकाश त्या फटीवर आपटून परततो आणि आपल्याला पांढरा तारा दिसतो. फटीत काचेच्या जवळपासच्या अपवर्तनांकाचं काहीही भरलं की तारा विझतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, चिपमध्ये पाणी शिरलं तरी ती निम्मीशिम्मी गायब होते. पावसात "बरी झाली वाटतं" म्हणून खूश होणारे लोक मी पाहिलेत. चिप भरायला वापरतात त्या रेझिनचा अपवर्तनांक १.५ च्या घरात असतो, त्यामुळे स्वस्तातलं रेझिनसुद्धा पहिल्या दिवशी आरशासारखं काम दाखवतं. पहिल्या दिवसाची सफाई ही रेझिनची परीक्षाच नव्हे. ते काचेला किती घट्ट धरतं, सुकताना किती आक्रसतं आणि एका उन्हाळ्यानंतर पिवळं पडतं का, खरे प्रश्न हे तीन. तिन्हींची उत्तरं दुकानाच्या काउंटरवर मिळत नाहीत.

आधी काच समजून घेऊ. पुढची काच म्हणजे दोन काचा: बाहेरची साधारण दोन मिलिमीटरची, आतली तेवढीच किंवा किंचित पातळ, आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा. खडा फोडतो ती फक्त बाहेरची काच; पापुदऱ्याशी येऊन तडा थांबतो. म्हणून ती भरता येते. दाराची काच टफन केलेली असते, ती फुटली की तिचा चुरा होतो. तिथे रेझिनचं नाव काढू नये. पुढच्या काचेवरचा तडा मात्र वाढत राहतो आणि त्याला ओलावा खतपाणी घालतो. तड्याच्या टोकाशी काचेतले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध ताणलेले असतात, पाण्याची वाफ ते हळूहळू तोडत जाते. कोरड्या हवेत महिनोन्‌महिने गप्प बसलेला तडा जूनच्या पहिल्या आठवड्यात वीतभर का पळतो, त्याचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं आपल्याच हातात असतं: तापलेल्या काचेवर आतून एसीचा झोत सोडणं किंवा भर दुपारी वॉशिंग सेंटरच्या गार पाण्याखाली गाडी घालणं.

आता निवडीचा मुद्दा. रेझिन म्हणजे बहुतेक वेळा ॲक्रिलेट जातीचं रसायन, अतिनील प्रकाशाने घट्ट होणारं. बाटल्या सगळ्या सारख्या दिसतात. फरक असतो पातळपणात. तो सेंटीपॉइजमध्ये मोजतात. पाणी म्हणजे १ सेंटीपॉइज. केसासारख्या बारीक तड्यासाठी वीस-पंचवीसच्या आसपासचं पातळ रेझिन लागतं, कारण त्याला स्वतःहून टोकापर्यंत झिरपत जायचं असतं. बुल्स आय म्हणजे गोल शंकूच्या आकाराची चिप. तिच्यात पोकळी मोठी, तिथे थोडं दाट बरं. आणि खड्याने वरचा जो टवका उडवला असतो, त्या खळग्यात सर्वांत दाट, चिकट रेझिन घालायचं, कारण वायपरचं पातं रोज तिथूनच फिरणार आहे. म्हणजे कामाच्या माणसाकडे किमान दोन-तीन बाटल्या हव्यात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच बाटली दिसते आणि तीही पत्र्याच्या शेडमध्ये, खिडकीच्या कडेला.

ही बाटली कुठे ठेवलीय, यावरून दुकानाची अर्धी परीक्षा होते. अतिनील प्रकाशाने जे घट्ट होतं ते अंधारात आणि गारव्यात ठेवायला हवं. काळी किंवा गडद बाटली त्यासाठीच असते. उन्हाळाभर तापलेलं रेझिन आतल्या आत दाटत जातं. मग ते तड्याच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि नेमकं टोकच मोकळं राहतं. तडा वाढतो तो टोकातून.

परदेशी बाटलीवर जे तापमान छापलेलं असतं ते नाशिकच्या एका वर्षाला पुरत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, मे महिन्यात शहरात चाळिशी गाठतो आणि उन्हात उभ्या गाडीची काच हात टेकवू देत नाही. थंडीत तेच रेझिन दाटतं, सरकत नाही. कडक उन्हात इतकं पातळ होतं की दाब दिला की तड्याबाहेर पडून काच आणि पापुदरा यांच्यामध्ये पसरतं. मग चिपभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखी नक्षी उमटते. ती पुन्हा जात नाही. थंडीत काच आतून हलकी कोमट करून घेणं आणि उन्हाळ्यात गाडी तासभर सावलीत उभी करणं हाच यावरचा उपाय. नवीन बाटली मागवून यातलं काही सुटत नाही. सावलीला आणखी एक कारण आहे. आपलं दुपारचं ऊनच रेझिनला घट्ट करायला पुरेसं आहे, म्हणजे तडा भरायच्या आधीच ते जागच्या जागी गोठायला लागतं.

सातपूरच्या बाजूला एक कारागीर आहे, त्याचं काम मी उभं राहून पाहिलं. आधी त्याने चिपमधला काचेचा भुसा टोकदार सुईने काढला. सक्शन कपावर टेकलेला ब्रिज काचेवर बसवला, त्यात इंजेक्टर फिरवून चिपच्या तोंडावर रबर दाबलं, मग व्हॅक्यूम. आतून गाडीत बसून पाहिलं तर चिपमधून बारीक बुडबुडे वर येत होते. त्याने व्हॅक्यूम सोडला, दाब दिला, पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा दाब. ताऱ्याचा एकेक पाय काळा, मग नाहीसा होत गेला. एक पाय मात्र चमकत राहिला. तो थांबला. "घाई केली तर हाच पाय उद्या पळेल," एवढंच म्हणाला आणि काचेच्या आतल्या बाजूला अंगठ्याने हलका दाब देत बसला. शेवटी खळग्यात दाट थेंब, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आणि वरून अतिनील दिवा. प्लास्टिकचा तुकडा सजावटीचा नाही. ॲक्रिलेटचा पृष्ठभाग हवेतल्या ऑक्सिजनमुळे नीट सुकत नाही, चिकटा राहतो. आणि दिवा बाहेरूनच लागतो, कारण मधला पीव्हीबीचा पापुदरा अतिनील किरण जवळजवळ सगळे गिळून टाकतो. कुणी आतून दिवा दाखवत असेल तर तिथून उठावं.

त्याच्या दुकानामागे जिना आहे आणि गच्चीवर भंगारातून आणलेल्या दोन फुटक्या पुढच्या काचा भिंतीला टेकवून ठेवलेल्या आहेत. त्यांच्यावर त्याने स्वतः चिपा पाडल्या, वेगवेगळ्या रेझिननी भरल्या आणि मार्करने शेजारी महिना लिहिला. प्रत्येक चिपेचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या कागदाने झाकलेला. कागद उचलला की ऊन खाल्लेला भाग आणि न खाल्लेला भाग शेजारी शेजारी दिसतात. एका रेझिनचा उघडा भाग चहाच्या डागासारखा झालाय, दुसऱ्याच्या कडेला केसाएवढी फट पडलीय, म्हणजे ते आक्रसलं. जे सर्वांत महाग होतं ते पहिल्या नंबरावर नाही, हेही त्याने हसत दाखवलं. त्याच्याकडे प्रयोगशाळा नाही, पण त्याच्या गच्चीवर नाशिकचं ऊन आणि नाशिकचा पाऊस आहे. कुठल्याही कंपनीच्या पत्रकात हे दोन्ही नसतात.

गच्चीपर्यंत जायच्या आधीही टेबलावर बरंच कळतं. सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्यांमध्ये एक थेंब ठेवून दिवा द्यावा. पट्ट्या हाताने सुटल्या तर ते रेझिन काच धरत नाही. बाटलीच्या झाकणात थेंब सुकवून कडेला फट पडते का पाहावं. सुकलेल्या थेंबावर नख दाबावं. खूण उठली तर दिवा कमकुवत आहे किंवा वेळ कमी पडलाय. हे दिवे जुने झाले की निळा उजेड तसाच दिसतो, पण कामाचे किरण, ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे, घटलेले असतात. रेझिनला शिव्या बसतात आणि दोषी असतो दिवा. मग त्या चिकटलेल्या काचपट्ट्या उन्हात तापवून गार पाण्यात बुडवाव्यात, पाच-सात वेळा. हा सगळा खटाटोप काही शे रुपयांचा आहे आणि नवी बाटली आली की दर वेळी करायला हवा, कारण त्याच नावाची पुढची खेप तशीच असेल याची खात्री कोण देणार?

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो की काच सुरक्षा काच असावी आणि पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यावा. त्यामागे भारतीय मानक २५५३ आहे, त्यात काचेवर पोलादी गोळे टाकून पाहतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था गाड्यांच्या अशा चाचण्या करतात. काळ्या फिल्मांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ मध्ये फिल्मा उतरल्या. हे सगळं कोऱ्या काचेचं झालं. फुटलेल्या काचेत कोणी काय भरावं याबद्दल नियम १०० मध्ये अवाक्षर नाही. ब्रिटनमध्ये दुरुस्तीच्या रेझिनसाठी वेगळं मानक १९९४ पासून आहे आणि वार्षिक तपासणीत चालकाच्या समोरच्या २९० मिलिमीटरच्या पट्ट्यात १० मिलिमीटरहून मोठी इजा चालत नाही. आपल्याकडे निदान हा पट्टा तरी उचलायला हरकत नाही. स्टीअरिंगच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना १४५ मिलिमीटर, एवढ्यात मोठी चिप असेल तर भरू नये, काच बदलावी. उत्तम भरलेली चिपसुद्धा समोरून येणाऱ्या हेडलाइटमध्ये किंचित चमकते. आणि आरशामागे कॅमेरा असलेल्या गाड्या आता आपल्या इथल्या महिंद्राच्या कारखान्यातूनच बाहेर पडताहेत. त्या कॅमेऱ्यासमोरच्या जागेत रेझिनचे प्रयोग नकोत.

विम्याचं थोडक्यात. काचेच्या भागांवर घसारा लागत नाही, म्हणून काच बदलायला एजंट चटकन हो म्हणतो. पण त्या क्लेममुळे नो क्लेम बोनस जाऊ शकतो आणि पाच वर्षं सांभाळलेला बोनस ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. पॉलिसीत नुसत्या दुरुस्तीला वेगळी सूट आहे का, ते आधी वाचावं. कंपनीची मूळ काच, तिचं मूळ चिकटवणं आणि बोनस, तिन्ही वाचवणारी गोष्ट म्हणजे नीट भरलेली चिप. म्हणून तर रेझिनबाबत एवढा आग्रह.

माझी मागणी काचवाल्यांकडे आहे आणि ती फुकटात भागण्यासारखी आहे: गच्चीवर एक काच ठेवा आणि गिऱ्हाइकाला वर नेऊन दाखवा. गाडीवाल्याने तीनच गोष्टी विचाराव्यात. बाटल्या किती आहेत, दिवा कधी बदललाय आणि गेल्या मे महिन्यात भरलेली चिप बघायला मिळेल का? तिसऱ्या प्रश्नावर जो चुळबुळतो त्याच्याकडे घाईने बसू नये. एक-दोन दिवस थांबायला हरकत नसते, फक्त खडा लागल्या लागल्या चिपवर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावा म्हणजे धूळ आणि पाणी आत जाणार नाही, वॉशिंग सेंटरला गाडी देऊ नका आणि एसीचा झोत काचेवरून पायांकडे वळवा.