भरतीला धावणाऱ्या पोरांची सिकलसेल तपासणी केली का?

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, महार रेजिमेंटचा जवान. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीतच तो बाद झाला. दीड महिन्याने, १ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ८ मिनिटे १९.५० सेकंदांत त्याने सुवर्णपदक घेतले. तीन दिवसांनी ५००० मीटरमध्ये रौप्य.

एका हंगामात शरीर असे खालीवर होते. पण साबळेच्या मागे सैन्य आणि प्रशिक्षक होते. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या वस्त्यांतली पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे नुसत्या चहावर धावतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर. वेळ घसरली की घरचे म्हणतात, आळशी झाला. आम्ही आधी विचारतो, रक्त तपासलं का?

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बरेच आढळते. वाहकाला, म्हणजे एएस असलेल्याला, एरवी त्रास नसतो. त्याला मैदानाबाहेर काढायचे कारण नाही. मात्र उन्हात, पाण्याविना, जीव तोडून धावल्यास स्नायू फुटून मूत्रपिंडावर येऊ शकते. एसएस असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावूच नये. सरकारी दवाखान्यात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने वाहक की रुग्ण ते कळते. पोरींचे हिमोग्लोबिनही त्याच वेळी पाहून घ्यावे.

भरतीचे क्लासवाले फी घेतात, छाती मोजतात. त्यांनी नाव नोंदवतानाच हा रिपोर्ट मागावा आणि मैदानावर पाण्याचा कॅन ठेवावा. आईबापांनो, फी भरण्याआधी एवढे विचाराच.